मामाची साक्ष

आठवी ते दहावी मी कासूला मामाकडे राहून पेणच्या शाळेत शिकले. मामा रोह्याला एका केमिकल कंपनीत होता. सकाळी आम्ही दोघं बरोबरच स्टेशनावर जायचो आणि उलट्या दिशांच्या गाड्या पकडायचो. माणूस इतका मऊ, की घरात पाल निघाली तरी झाडू मामीलाच उचलावा लागे. हौस एकच, नाटकाची. कंपनीच्या नाटकात दरवर्षी त्याचं लहानसं काम असायचं.

एका वर्षी त्याच्या खात्यातल्या कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ओळखीने त्याला टीव्हीवरच्या गुप्तहेर मालिकेत काम मिळालं. दोन दिवस रजा टाकून तो मुंबईला गेला आणि शर्टाच्या कॉलरला मेकअपची पावडर लावून परत आला. मामीने तो शर्ट आठवडाभर धुतला नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला. काम कसलं होतं विचारलं, तर मामा म्हणायचा, कोर्टात उभं राहून बोलायचं होतं, सगळे गप्प बसून ऐकत होते. त्यावरून आळीने तो वकील झाला असणार असं ठरवून टाकलं.

मालिका शनिवारी संध्याकाळी लागे. आळीत टीव्ही मामाकडेच, त्यामुळे पंधरावीस माणसं ओटीवर जमायची आणि मामी सगळ्यांना चहा द्यायची. गोष्ट एका गरीब मास्तरची होती. त्याच्यावर खुनाचा आळ आला होता. खून कोणी केला ते दाखवलं नव्हतं, पण मास्तरने केला नाही याबद्दल ओटीवर दुमत नव्हतं, कारण त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तो स्वतःच्या ताटातली भाकरी कुत्र्याला घालायचा. शेजारची काकी मिठागरावर कामाला जायची. तिचा तर मास्तरवर फार जीव. तो सुटावा म्हणून तिने मारुतीला नारळ बोलला होता.

पाचव्या भागात मामा आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो वकील नव्हता, पानवाला होता, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. त्याने मास्तरकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं की रक्ताने माखलेला सुरा घेऊन पळताना याला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मास्तरला बेड्या घालून नेलं. तिकडे आई पलंगावरून खाली पडली. भाग संपला.

अर्धे कप तसेच ठेवून माणसं उठली. मामा एकटाच हसत होता आणि आवाज कसा वाटला म्हणून विचारत होता. काकी उंबऱ्यात थांबली.

"खरं सांग. तू बगितलंस त्याला?"

मामाने विचार केला. खोटं बोलणं त्याला जमत नसे.

"ते मला नाय सांगितलं," तो म्हणाला.

त्याला म्हणे संवादाचं तेवढं एकच पान दिलं होतं. पानवाला खरं बोलतो की खोटं, असं त्याने विचारलंही होतं, पण जोरात बोला एवढंच उत्तर मिळालं.

"म्हंजे ठाव नसताना माणूस तुरुंगात धाडलास," काकी म्हणाली आणि गेली.

पुढचे दिवस वाईट गेले. स्टेशनावर त्याच्या शिफ्टची माणसं दुसऱ्या बाकावर बसू लागली. मासळीवालीने मामीला कोलंबी दिली, पण ही तुला आणि पोरीला, असं बजावून. मामी म्हणाली, मला काय म्हणायचं नाय, पण त्या म्हातारीकडं बघवत नव्हतं, आणि त्याच्या ताटात नुसतं वरण वाढलं. शनिवारी सगळे टीव्ही बघायला मात्र आले. मामा आपल्याच घरात स्वयंपाकघरात बसला आणि मी अधूनमधून आत जाऊन मास्तरची तब्येत कळवत राहिले.

मामाची झोप उडाली. शेवटी एका रविवारी सकाळी मारुतीच्या देवळासमोर चारचौघांत त्याने सांगून टाकलं की मी मास्तरला पाहिलेलं नाही. पण काकीचं समाधान होईना. आम्हाला सांगून काय उपयोग, तिकडं कळव, असं तिचं म्हणणं पडलं. माझं अक्षर बरं म्हणून पोस्टकार्ड मी लिहिलं. मी, पानवाला, शपथेवर सांगतो की माझी साक्ष खोटी असून मास्तर निर्दोष आहे. खाली मामाने स्वतःची सही केली आणि ओळख पटावी म्हणून कंपनीतलं खातंही लिहिलं. कार्ड टीव्हीच्या मुंबईच्या पत्त्यावर गेलं.

दोन शनिवारांनी त्या गुप्तहेराने भर कोर्टात सांगितलं की पानवाल्याने सगळं कबूल केलं आहे, त्या दिवशी त्याची टपरीच बंद होती. खून मास्तरच्या आईला तपासायला येणाऱ्या डॉक्टरने केला होता. मास्तर सुटला. ओटीवर एकच गलका झाला. काकीने तिथल्या तिथे जाऊन नारळ फोडला आणि पहिला तुकडा मामाच्या हातावर ठेवला. मामाचे डोळे भरून आले. हे सगळं आधीच चित्रित झालं असणार, असं मी सांगायला लागले तेव्हा मामीने मला चिमटा काढला.

"गप गो," ती म्हणाली. "आज घरात मासळी शिजायची हाय."

पुढच्या वर्षी कंपनीच्या नाटकात मामाला फौजदाराचं काम आलं. मामीने होकार देण्याआधी पूर्ण नाटक माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. तिसऱ्या अंकात फौजदार लाच खातो असं निघालं. त्या वर्षी मामाने पडदा ओढला.