अर्जातलं नाव

दादाला ज्या कामासाठी राष्ट्रीय सन्मान मिळाला, ते काम दादानं केलेलं नव्हतं. हे मी खात्रीनं सांगते, कारण त्या कामाची माहिती दिल्लीला पाठवायची म्हणून मीच बारा पानं लिहिली होती. ती दुसऱ्या माणसाबद्दल होती.

त्या माणसाला आम्ही चाचा म्हणायचो. निजामाच्या काळात महसुलाच्या दफ्तरात कारकून म्हणून लागले तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, दफ्तराची भाषा बदलली आणि उर्दूत मोत्यासारखं लिहिणारा हा माणूस बाराखडी गिरवायला बसला. मराठी शिकून त्यांनी पुढची सगळी नोकरी केली. निवृत्त झाल्यावरही घरी बसले नाहीत. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली सतरंजी टाकायचे आणि खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांचे जुने उर्दू कागद वाचून द्यायचे.

आमच्या भागात असे कागद घरोघरी. आजोबांनी जमीन घेतली त्याचा बैनामा, म्हणजे खरेदीखत, पेटीच्या तळाशी असायचा, पण घरात एकालाही त्यातलं अक्षर लागायचं नाही. त्यात ती घाईनं लिहिलेली, एकात एक गुंतलेली दफ्तरी लिपी. उर्दूचे मास्तरसुद्धा तिच्यापुढं हात टेकायचे. चाचा कागद डोळ्यांजवळ धरायचे, ओठ हलवत एकदा मनाशी वाचायचे, मग मराठीत सांगायचे आणि शेवटी सुवाच्य अक्षरात भाषांतर लिहून द्यायचे. चहाशिवाय त्यांनी कुणाचं काही घेतलं नाही.

आमचं दौलताबादचं शेतही त्यांच्यामुळंच राहिलं. वडील गेल्यावर चुलत्यांनी अर्ध्या शेतावर हक्क सांगितला होता. दादा पेटीतला कागद घेऊन कचेरीत गेला, चाचांनी चतुःसीमा वाचून दाखवल्या, आणि चुलते गप्प झाले. त्या दिवशी दादा चाचांच्या पाया पडला. मी शेजारीच उभी होते.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. त्यानंच मला बी.एड. करवलं, माझं लग्न लावलं, आणि स्वतःची शिक्षणसंस्था काढली तेव्हा तिथल्या शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून घेतलं. दादा म्हणाला म्हणजे झालं, अशी आमच्या घरात रीत होती.

पुढं शेंद्र्याकडं कारखान्यांसाठी जमिनी मोजायला लागले आणि चाचांच्या सतरंजीपुढं रांग वाढली. मालकी दाखवायला लोकांना जुने कागद लागत होते. चाचांनी सत्तरी ओलांडली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू होता. दादानं संस्थेच्या आवारात त्यांना एक खोली दिली, टेबल-खुर्ची दिली, बाहेर पाटी लावली. मला फार बरं वाटलं. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची आणि चाचा सांगतील ते मराठीत उतरवून घ्यायची.

एकदा शेंद्र्याची एक म्हातारी आली. तिचा कागद बटव्यात घड्या पडून पडून चार तुकडे झालेला. ते जुळवण्यात चाचांची दुपार गेली. निघालं असं, की जमीन तिच्या नवऱ्याची नव्हतीच. तिच्या बापानं ती तिलाच बक्षीस लिहून दिली होती. आणि दीर जन्मभर सांगत आले होते, की तू इथं आमच्या मेहेरबानीवर राहतीस. म्हातारी रडली नाही. "पुन्हा वाचा," म्हणाली. चाचांनी पुन्हा वाचलं. तिनं तीनदा वाचायला लावलं.

त्या संध्याकाळी मी दादाला म्हणाले, "चाचांचं नाव दिल्लीला कळवायला पाहिजे. समाजासाठी झटणाऱ्यांना सरकार सन्मान देतं, त्यात अशी माणसं कधी येणार?"

"मग लिही की," दादा म्हणाला. "लई चांगलं लिही. शिफारशीचं मी बघतो."

चाचाच तयार नव्हते. "बेटी, मी केलं काय? वाचता येतं म्हणून वाचतो." मी महिनाभर त्यांच्या मागं लागले. शेवटी चाचींनीच त्यांना काळी शेरवानी घालायला लावून शहागंजातल्या स्टुडिओत पाठवलं. फोटो घेऊन आले तेव्हा पाकीट माझ्या हातात देताना चक्क लाजले.

अर्जासाठी कुटुंबाची माहिती भरत होते. मी सहज विचारलं, "चाचा, भाऊ-बहीण किती?"

ते उठले आणि दार लोटून घेतलं. धाकटा भाऊ होता. पोलीस ॲक्शननंतरच्या धामधुमीत तो कराचीला निघून गेला. काही वर्षं पत्रं आली, मग तीही थांबली. नोकरीत कुणी विचारलं तर भाऊ वारला असंच ते सांगत आले होते. चाचींशिवाय कुणाला हे ठाऊक नव्हतं.

"खोटं लिहू नको," चाचा म्हणाले. "पण ही गोष्ट तुझ्याजवळच ठेव, बेटी."

मी ठेवली नाही. अर्जात काय लिहावं ते सुचेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दादाच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून मोकळी झाले. दादा काही परका नव्हता, असा माझा हिशेब. त्यानं नीट ऐकून घेतलं. "तेवढा रकाना कोरा सोड," म्हणाला, "पुढचं मी बघतो." मी बारा पानं, फोटो आणि म्हातारीचा अंगठा असलेला जबाब त्याच्या टेबलावर ठेवून आले.

वर्ष उलटलं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला निघाले होते, तर शेजारीण पेपर नाचवत आली. "अहो, तुमच्या दादांचा फोटो!"

फोटो दादाचाच होता. निजामकाळातले कागद वाचून गोरगरिबांना हक्क मिळवून दिल्याबद्दल सन्मान, असं खाली लिहिलं होतं. त्यापुढची सगळी वाक्यं माझी. शेंद्र्याची म्हातारी होती, कागदाचे चार तुकडे होते, "पुन्हा वाचा" होतं. फक्त वाचणारा बदलला होता. दादा लहानपणी दोन इयत्ता उर्दूत शिकलेला, पण त्याला स्वतःचं नावसुद्धा त्या लिपीत धड लिहिता येत नव्हतं.

पहिल्यांदा मनात काय आलं तेही सांगते. वाटलं, पेपरवाल्यांनी घोळ घातला असेल, दादाला कळवायला हवं.

दादाच्या घरी हारतुऱ्यांची गर्दी होती. मी त्याला आतल्या खोलीत ओढून नेलं.

"दादा, हे काय केलंस?"

"काय केलं? खोली माझी, संस्था माझी. काम संस्थेचंच हाय ना?"

"तुला अलिफ-बे येत नाही."

"हळू बोल." त्यानं कडी लावली. "त्यांचं नाव दिलं असतं तर चौकशी लागली असती. कराचीचा भाऊ निघाला असता. म्हाताऱ्या माणसाच्या दारात पोलीस आणायचे होते का तुला? तूच तर सांगितलंस मला."

"मी सल्ला विचारायला सांगितलं होतं."

"मग सल्ला दिला की. इतकं छान लिहिलं होतंस, ते वाया जाऊ द्यायचं?"

बाहेरून हाक आली. दादानं गळ्यातला हार सारखा केला आणि गेला. त्याला ते खरंच पटलं होतं, की त्याच वेळी सुचलं होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

दुपारी चाचांकडं गेले. टेबलावर पेढ्यांचा पुडा होता, दोरीसुद्धा सोडलेली नव्हती.

"तुमचे दादा काल संध्याकाळीच येऊन गेले," चाचा म्हणाले. मला ते कधी अहो-जाहो करत नसत. "सांगत होते, कराचीच्या भावामुळं माझं नाव देता आलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे."

मला रडू आवरेना. चाचींनी पाणी आणून दिलं, पण नेहमीसारख्या जवळ बसल्या नाहीत.

"चाचा, खरंच मला काही माहीत नव्हतं."

"त्यांनी घेतलं त्याचं मला काही नाही, मॅडम. मी मागितलंच कुठं होतं? पण त्या भावाला मी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं." मग विचारलं, "तो फोटो परत मिळेल का? दुसरी प्रत नाही."

फोटो मिळाला नाही. दादा म्हणाला, फायलीबरोबर गेला असंल कुठंतरी.

पुढं दादाचा शहरात सत्कार झाला. तिथं मी उठून खरं बोलायला हवं होतं. बोलले नाही. नोकरी दादाच्या शाळेत, मुलीचं लग्न दादानंच जमवलेलं. तिसऱ्या रांगेत बसून राहिले. चाचांना 'दादांचे जुने सहकारी' म्हणून मंचावर बोलावलं आणि शाल दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. नंतर मन खायला लागलं तेव्हा मी दिल्लीला पत्र लिहिलं, दोन वेळा. पहिल्याची पोच आली. दुसऱ्याची तीही आली नाही.

चाचा संस्थेच्या खोलीत परत आले नाहीत. पुन्हा कडुनिंबाखाली बसायला लागले. खोलीची पाटी तशीच राहिली, आत खडूचे खोके आणि मोडके बाक गेले.

तीन वर्षांनी दादानं छावणीच्या बाजूला शाळेच्या नव्या इमारतीसाठी जागा बघितली. मूळ कागद उर्दूत होता. वकिलानं भाषांतर मागितलं, वाचणाऱ्याच्या सहीसकट. दादा म्हणाला, "तू जा. मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

आपलं तोंड कसलं आहे ते त्याला कळत होतं म्हणायचं. मी गेले.

रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा चाचांनी कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला, ओठ हलवत वाचला. मग मला समोर बसायला सांगून तीन पानं लिहिली. अक्षर थोडं थरथरत होतं, पण एक शब्द खोडलेला नव्हता. पानं हातात आल्यावर पाहिलं, खालची जागा रिकामी.

"चाचा, सही राहिली."

"सही तुमच्या दादांची घ्या," ते म्हणाले. "सरकारनं मानलेले वाचणारे ते आहेत." आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

मी घरी येऊन दादाला शब्दन्‌शब्द सांगितलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. दादानं पानं घेतली, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, वहिनींकडं चष्मा मागितला आणि सही केली.

जागा संस्थेच्या नावावर झाली. त्या नव्या इमारतीत मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. चाचा गेल्याचं मला त्यांच्या दफनानंतर चार दिवसांनी कळलं, तेही बाजारात, भाजीवालीकडून.