दोरीतात्यांचा माळ

तात्यांच्या खांद्यावर उपरण्याऐवजी दोरी असे. सुताची, दर हातावर गाठ मारलेली. आमचं गाव त्या दोरीने आखलं गेलं, म्हणून ते दोरीतात्या.

जुनं गाव गंगाखेडच्या पुढे गोदावरीच्या काठी होतं; आमच्याकडे तिलाच गंगा म्हणतात. पुरात ते गेलं तेव्हा लोक पाहुण्यांकडे पांगले. तात्या बायकोला, अनुसयाकाकूंना, घेऊन दूरच्या उघड्या माळावर गेले आणि पाल ठोकलं.

"लांडगे हायत तिथं," लोक म्हणाले.

"हायत की. त्येनलाबी शेजार नको का?"

बरेच दिवस ते दोघंच होते. मग एकेक घर आलं.

रस्ता त्यांनी दोन बैलगाड्या सहज जातील एवढा ठेवला. कुणाचा ओटा पुढे सरकला की तात्या दोरी घेऊन हजर. माझ्या वडिलांनाही त्यांनी सुनावलं होतं, "घर वाढव बापू, पन मागं वाढव." वडिलांनी बांधलेली पायरी उकरून काढली.

एक गोष्ट मात्र त्यांना जमली नाही. ओढ्याकाठी त्यांनी स्मशानाची जागा आखली होती. तिथे कुणी जात नसे. मयत ट्रॅक्टरमधून जुन्या गावाच्या घाटावर नेत. तात्या चिडत. "जित्यापनी माळावर, मेल्यावर गंगेवर. मंग ह्ये गाव हाय का मुक्कामाची जागा?"

काकू आजारी पडल्या. त्यांनी एकच मागितलं, "मला गंगेवर न्या. सासूबाई तिथंच गेल्या." त्या गेल्या त्या दिवशी सगळं गाव तात्यांकडे बघत होतं. तात्या ट्रॅक्टरमध्ये त्यांच्या उशाशी बसून घाटावर गेले. परतल्यावर एवढंच बोलले, "माळावर आनताना तिला इचारलं नव्हतं." पुढे ओढ्याचा विषय त्यांनी काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. थोरल्या मुलाला म्हणाले, "मला वढ्यालाच न्या."

"तात्या, आई तिकडं हाय."

"म्हनून तर आत्ताच सांगायलोय. मागून मन फिरंल."

मुलाने शब्द पाळला. तिरडी बांधताना सुतळी कमी पडली, तेव्हा खुंटीवरची दोरी काढली. गाठींसकट ती जळाली.

त्यानंतर गावात जे गेले ते ओढ्याकाठीच गेले. काकूंच्या घाटावर आता आमच्यातलं कुणी जात नाही.

पोळ्यानंतर मधल्या आळीत एक ओटा हातभर पुढे आला. मापायला कुणी गेलं नाही.