पती नव्हे, नवरा

व्यासपीठावरच्या टेबलावर शाल, श्रीफळ आणि मानपत्र मांडलेलं होतं आणि त्यांच्या शेजारी शरदिनीताईंची काळी वही. ती दिसताच त्या कुणालकडे वळल्या.

"कुणाल, मेरी कापी वहाँ कैसे?"

"सरप्राइज़, दीदी!" त्यांचा कार्यालयातला सहकारी कुणाल खुशीत होता. "आपकी दराज़ से निकाली. हम तो सोचते थे, इस कीड़े-मकोड़े वाली लिखावट में हमारी ही चुगली है! आज पढ़ने वाला बुलाया है."

तेवीस वर्षं शरदिनी पुराणिक बनारसच्या एका विधायकांच्या, म्हणजे आमदारांच्या, कार्यालयात होत्या. अर्ज घ्यायचे, पत्रं लिहायची, विधानसभेत विचारायच्या प्रश्नांचे मसुदे करायचे. आज निवृत्तीचा सत्कार. अर्ज देऊन झाला की माणसं उठता उठता खरं काय ते बोलत. ते अर्जात नसे. ते शरदिनीताई वहीत उतरवून ठेवत, जुन्या मोडी लिपीत. अमृतराव घाटाजवळच्या घरी आजोबांनी ती लहानपणी शिकवली होती. कार्यालयात कुणाला ती येत नव्हती. कुलपापेक्षा हे बरं, असं त्यांना वाटे.

चार वर्षांपूर्वी रामनगरची गीता आपल्या मुलीला, रुचीला, घेऊन आली होती. रुचीच्या नवऱ्यानं तिचा हात तापल्या तव्यावर दाबला होता. नवरा ठेकेदार, विधायकजींच्या जवळचा; पोलिसांत जायची दोघींची छाती नव्हती. शरदिनीताईंनी कुणाला न सांगता रुचीला दूरच्या शहरात काम आणि खोली मिळवून दिली. तो पत्ता वहीत होता. आणि तो नवरा, यज्ञेश, आत्ता दुसऱ्या रांगेत बसून मोबाइल बघत होता.

विद्यापीठात मराठी आणि मोडी शिकवणारे देवव्रत वही चाळत जवळ आले. "मावशी, काय वळण आहे तुमचं! एखादं पान वाचतो हं."

"नका वाचू."

"अहो, लाजताय काय?" ते हसले. शरदिनीताई पुढे काही बोलणार, तेवढ्यात माइकवर देवव्रतांचं नाव पुकारलं गेलं.

सगळी वही काळ्या शाईची. गीता आणि रुची आल्या त्या एका आठवड्यात पेन संपलं म्हणून शरदिनीताईंनी जांभळ्या शाईनं लिहिलं होतं. देवव्रतांची नजर नेमकी त्या पानावर थांबली.

"'रामनगरहून मायलेकी आल्या. लेकीचा उजवा हात...' यानी, रामनगर से माँ-बेटी आईं. बेटी का दाहिना हाथ..."

यज्ञेशनं मोबाइलमधून मान वर केली.

शरदिनीताई उठल्या. ओरडून चालणार नव्हतं. मराठीत सांगायचं, पण बनारसी कानाला निम्मी मराठी कळते. पती म्हणायचं नाही. समोर म्हणायचं नाही. रामनगर तर नाहीच. त्यांनी तोंडभर हसू आणलं आणि थट्टा केल्यासारखं म्हणाल्या,

"अहो, तिचा नवरा पुढ्यात बसलाय. पोर दडलीय. आवरा आता!"

त्या हसल्या म्हणून सभाही हसली. देवव्रतांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पानावरची नजर हलवली नाही.

"...दाहिना हाथ उठाकर बोली, मुझे भी स्कूल में दाख़िला चाहिए."

टाळ्या पडल्या. विधायकजींनी शरदिनीताईंच्या अंगावर शाल पांघरली आणि वहीकडे हात नेला. "यह तो धरोहर है! फ़ोटो खिंचवाकर नेट पर डलवाएँगे."

तेवीस वर्षांत शरदिनीताईंनी त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं.

"साहब, ये बातें लोगों ने मुझसे कही थीं, दफ़्तर से नहीं. मैं घर ले जाऊँगी."

विधायकजींचा चेहरा आवळला. पण कॅमेरा चालू होता. "ले जाइए, ले जाइए," ते म्हणाले.

पायऱ्यांशी यज्ञेश वाकून पाया पडला. "दीदी, वो रामनगर वाली माँ-बेटी कौन थीं?"

"रामनगर से तो रोज़ कोई न कोई आता था, भैया."

"दाख़िले की बात इतना छुपाकर लिखते हैं?" त्यानं शालीआडच्या वहीकडे पाहिलं, मग लांब उभ्या देवव्रतांकडे. "मास्टर साहब बढ़िया पढ़ते हैं. मिलेंगे उनसे."

शरदिनीताईंनी रिक्षा पकडली. संकठा घाटाजवळच्या आपल्या गल्लीपाशी उतरेपर्यंत त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशीच उभं राहून रुचीला फोन लावला.

"आज ही कमरा छोड़ दो, बेटी. काम भी."

"क्या हुआ, मौसी? उन्हें पता चल गया?"

"मालूम नहीं. तुम निकलो."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "ठीक है. पहुँचकर आपको नया पता लिखवा दूँगी."

शरदिनीताईंनी वही पोटाशी घट्ट धरली.

"नहीं," त्या म्हणाल्या. "मुझे मत बताना."

"आपको भी नहीं?"

"मुझे भी नहीं."