एकचाकीत भरलेली वाळू

माझा नवरा यात्रांमधून एकचाकी सायकल चालवायचा. डोक्यावर पाण्याची कळशी, दोन्ही हात मोकळे. एरवी नशिराबादला पंक्चर काढायचा आणि मी शेजारी कढईतल्या वाळूत फुटाणे भाजून विकायची. म्हातारपणी त्याचा उजवा गुडघा गेला. एक पायडल वर, एक खाली असं आलं की जोर पोचायचा नाही आणि सायकल हिसका द्यायची. मी म्हटलं, "आता पुरे करा."

"मन्हा गुडघा गया, मी नही गऊ," तो म्हणाला.

चाक जड केलं की ते जात्यासारखं आपल्या ओढीने फिरतं, पाय कमी पडेल तिथे चाकच पुढे नेईल, असा त्याचा हिशोब. हिशोब खोटा नव्हता. केळीच्या बागेबाहेर फेकलेली ठिबकची नळी त्याने आणली, तीत गिरणा नदीची वाळू ठासली, तोंडं तारेने आवळली आणि ट्यूब काढून नळीचे वेढे टायरमध्ये बसवले.

वाळू ओली होती. ओली वाळू कढईत सुकली की केवढी खाली बसते, हे मी रोज बघत आले.

"अहो, आधी भाजून घ्या."

"तुले फुटाणा इकना शेतस का त्यामा?" म्हणून हसला. यात्रा तोंडावर आली होती.

अंगणात सायकल झकास चालली. हिसका नाही, काही नाही. त्या रात्री म्हाताऱ्याने आणखी एक भाकरी मागून घेतली.

धरणगावला यात्रेच्या दिवशी ऊन असं, की जमीन पोळत होती. नळीच्या आवळलेल्या तोंडातून पाणी गळून गेलेलं, वाळू सुकून एकीकडे गोळा झालेली. जड बाजू खाली येताना चाक पळायचं, वर चढताना अडायचं. आवरायचं तर पायडल मागे दाबावं लागतं. तेवढा जोर त्या गुडघ्यात कुठला? तो पडला, अंगावर कळशी पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, खेळातलंच आहे.

खुबा मोडला. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चालतील. तो काही चालला नाही. खाटेवर पडला तो पडलाच. सायकल समोर आढ्याला उलटी टांगलेली. चाक फिरव म्हणायचा. मी फिरवलं की जड बाजू खाली येऊन चाक थांबायचं. तो तोंड फिरवायचा.

एक दिवस म्हणाला, "वाळू भाजीसन भर."

मी सायकल खाली घेतली. वाळू काढली, कढईत भाजली, नळी आपटून आपटून गच्च भरली.

"आते बराबर शे," तो म्हणाला.

बरोबरच आहे. एकदा फिरवलं की मी भाकरी थापून येते तरी चाक फिरत असतं. तो बघत पडलेला असतो. खालची गोधडी ओली झालेली असते, ती मी बदलते.