पंचवीस वाजून दहा मिनिटांची बोट

नवऱ्याचा मला राग आला होता आणि अजून आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी गोड शेवटाची वाट बघत बसायला नको. त्याला हे लिहिलेलं दाखवणार आहे. तो वाचेल, चष्मा काढेल आणि ‘ठीक आहे’ म्हणेल. त्या ‘ठीक आहे’चाही मला राग येतो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये हॉलंडमधल्या नायमेखनच्या युनिव्हर्सिटीतलं माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं. चार वर्षं एका लॅबमध्ये काढली होती. माझ्या बॉसबाईंनी कॉफी विचारली, समोर बसवलं आणि सरळ सांगितलं की फंडिंग मिळालेलं नाही, तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही. कॉफी प्यायच्या लायक होईपर्यंत विषय संपला होता. सायकलवरून घरी येताना मी त्या बाईला मराठीत येतात तेवढ्या सगळ्या शिव्या घातल्या. सांगलीला मात्र यातलं काही कळवलं नाही. बाबा उगाच काळजी करत बसतील. सध्या घरून काम करतेय, एवढंच म्हटलं. नवऱ्यालाही तेच सांगायची ताकीद दिली.

त्यानेच मग ग्रीसचं काढलं. म्हणाला, तुझा मूड बदलायला हवा. त्याच्या चिप कंपनीतले डच लोक थंडी सरली की एकमेकांना ‘सुट्टीला कुठे?’ विचारायला लागतात, आणि दरवर्षी ‘इंडिया’ सांगून तोही कंटाळला होता. मी म्हटलं, सांगलीला जाऊ या. तो म्हणाला, डिसेंबरमध्ये जातोच आहोत ना. मी गप्प बसले. तेव्हा बसायला नको होतं.

आता बाबांविषयी. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर खिडकीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली हे माइकवर पुकारतो ना, तो माणूस. उशीर झाला तर उशीर पुकारायचा, गाडी रद्द झाली तर रद्द पुकारायची, हा त्यांचा खाक्या. खिडकीतले बाकीचे लोक रद्द म्हणायला कचरायचे, ‘येईल येईल’ करत बसायचे. बाबा घरी येऊन त्यांच्या नावाने चरफडायचे. ‘अगं, सांगितलं की माणूस दोन मिनिटं आपल्यावर ओरडतो,’ म्हणायचे, ‘मग चहा पितो आणि दुसरी गाडी बघतो. न सांगता बसवून ठेवला की त्याचा अख्खा दिवस आपण खाल्ला.’ हे मी लहानपणापासून जेवताना ऐकलेलं आहे.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आम्ही बोटीने बेटं फिरणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा काही खुलला, की मला आमच्या ट्रिपचं पहिल्यांदा बरं वाटलं. पुढचे तीन रविवार त्यांनी आमचं वेळापत्रक लावलं. नवऱ्याने मोठ्या हौसेने एक्सेल शीट केली होती, ती त्यांनी मोडीत काढली. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून सिरोस, सिरोस ते पारोस, पारोस ते नॅक्सोस, नॅक्सोस ते अमोर्गोस. प्रत्येक बेटाचं नाव त्यांनी वहीत देवनागरीत लिहिलं, समोर सुटण्याची वेळ, पोहोचण्याची वेळ आणि ‘शेरा’ असा रकाना. ‘अमोर्गोसची मुक्कामी गाडी आहे,’ म्हणाले, ‘तिथून पुढची बोट तिसऱ्या दिवशी. जपून.’ आणि अट घातली. बोट सुटली की मेसेज करायचा, खरी वेळ टाकायची. ते नोंद करणार.

सिरोसला जाताना मी लिहिलं, ‘०७.३५ सुटली, पाच मिनिटं लेट.’ लगेच उत्तर आलं, ‘नोंद केली.’ पारोसला जाताना, ‘१४.२० सुटली, वेळेवर.’ ‘नोंद केली. डेकवर टोपी घाल.’ मी डेकवर टोपी घालून बसले होते, समुद्र निळाशार होता, नवरा फोटो काढत होता, आणि एप्रिलपासून पहिल्यांदा मला कॉन्ट्रॅक्ट आठवलं नाही. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ते दोन दिवस खरंच चांगले होते.

पारोसहून नॅक्सोसला निघताना वेळ कळवली. दोन तासांनी उत्तर आलं, ‘व्वा, मस्त. एन्जॉय करा,’ आणि अंगठा.

बाबांनी आयुष्यात कधी कुणाला ‘एन्जॉय करा’ म्हटलेलं नाही. मी नवऱ्याला दाखवलं. त्याने फोनकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘बाबा मॉडर्न झाले.’ मी घरी फोन केला तर आईने उचलला. म्हणाली, बाबा विहारात गेलेत. मंगळवार होता, सांगलीत सकाळचे अकरा. बाबा रविवारच्या वंदनेला जातात, पौर्णिमेला जातात, मंगळवारी अकरा वाजता ते बँकेत नाहीतर भाजी मंडईत असतात. मी तसं म्हटलं तर आई म्हणाली, ‘काहीतरी मीटिंग आहे गं. तुम्ही फिरा बाई निवांत.’ आईच्या आवाजात मला काहीतरी खटकलं. पण माणूस सुट्टीवर असला की स्वतःला किती पटकन फसवून घेतो. मी त्या संध्याकाळी नॅक्सोसच्या धक्क्यावर बसून वांग्याचं काहीतरी खाल्लं आणि त्याला नावंही ठेवली.

दुसऱ्या दिवशीही फोन नाही. ‘झोपलेत.’ तिसऱ्या दिवशी अमोर्गोसच्या बोटीत चढलो. मी बाबांना लिहिलं, ‘२५.१० सुटली.’

पंचवीस वाजून दहा मिनिटं. अशी वेळ वाचून माझे बाबा जेवणाच्या ताटावरून उठले असते. उत्तर आलं, ‘व्वा, मस्त. फोटो पाठवा.’

मी नवऱ्यासमोर फोन धरला आणि विचारलं, ‘बाबांना काय झालंय?’ नवऱ्याने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाला, ‘आधी बस.’ मी बसले नाही. तिथेच, कठड्याला धरून उभ्या-उभ्या ऐकलं. सोमवारी बाबांना कावीळ म्हणून दवाखान्यात दाखल केलं. मंगळवारी स्कॅन झाला. स्वादुपिंडात गाठ आहे, पसरलेली आहे, ऑपरेशन होण्यातली नाही. डॉक्टर महिन्यांच्या भाषेत बोलतायत. बाबांचा फोन माझ्या दादाकडे आहे, उत्तरं दादा देतोय. बाबांना साधी कावीळ सांगितलीय. आणि हे सगळं माझ्या नवऱ्याला मंगळवारपासून माहीत आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला विचारलं, काल त्या चर्चच्या पायऱ्यांवर तू माझा फोटो काढत होतास, ‘हस जरा’ म्हणालास, तेव्हा माहीत होतं? म्हणाला, हो. वांग्याला नावं ठेवली तेव्हा? हो. म्हणाला, दादानेच सांगितलं होतं, तिला ट्रिप पूर्ण करू दे. आईही तेच म्हणाल्या. आणि मग ते वाक्य, जे परदेशात राहणाऱ्या प्रत्येक बाईला कधीतरी ऐकावं लागतं. ‘तू तिथे जाऊन तरी काय करणार होतीस?’

शेजारी एक डच म्हातारं जोडपं सँडविच खात होतं. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण बाईंनी सँडविच खाली ठेवलं. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. एवढं म्हटलं की माझाही बाप आहे, एकट्या दादाचा नाही. मला पाहुणी केलंत तुम्ही तिघांनी. पाहुण्यांसमोर घरातलं भांडण लपवतात तसा माझा बाप माझ्यापासून लपवलात. तो ऐकत होता, आणि मग त्याने शांतपणे विचारलं, ‘तुझी नोकरी गेल्याचं तू सांगितलंस त्यांना?’

त्यामुळे राग अजूनच वाढला. मी म्हटलं, ते वेगळं आहे. वेगळं कसं, ते मला सांगता आलं नाही.

अमोर्गोसला उतरले ती थेट तिकिटाच्या खिडकीशी गेले. पुढची बोट दोन दिवसांनी होती, बाबांनी सांगितल्याप्रमाणेच. पण वारा सुटला होता, आणि खिडकीतल्या मुलीने त्या बोटीचंही काही सांगता येत नाही म्हटलं. ‘कदाचित,’ म्हणाली. तासाने विचारलं, परत ‘कदाचित.’ मी तिच्यावर ओरडले. बिचारीचा काही दोष नव्हता. पण मला त्या वेळी खिडकीत एक माणूस हवा होता, जो सरळ सांगेल.

बाबांशी दादाच्या फोनवरून बोलणं झालं. आवाज खोल गेला होता. ‘अगं साधी कावीळ आहे,’ म्हणाले. ‘मीच म्हटलं यांना, तिला कळवू नका. वेळापत्रक बिघडवू नको. अमोर्गोसला किती वाजता लागली?’ म्हणजे लपवणाऱ्यांत बाबासुद्धा. मी वेळ सांगितली. त्यांच्याकडे वही नव्हती, दवाखान्यात कुणी आणून दिली नव्हती. म्हणाले, ‘लक्षात ठेवतो.’ तेव्हा मी रडले, पण फोन ठेवल्यावर.

अडीच दिवसांनी बोट निघाली. तेवढा वेळ आम्ही दोघं एका खोलीत राहिलो आणि मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. पाणी दे. चार्जर दे. अथेन्सहून मी मुंबईचं विमान पकडलं. त्याची रजा संपली होती, तो नायमेखनला गेला. विमानतळावर तो म्हणाला, ‘मला वाटलं तुला चार दिवस मिळावेत.’ तो खरंच तसं वाटूनच वागला होता. म्हणून तर राग कुठे ठेवायचा ते कळत नाही. दुष्ट माणसावर रागावणं किती सोपं असतं.

सांगलीला दवाखान्यात पोहोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्याआधी घरी जाऊन वही घेतली होती. दादा जिन्यातच भेटला. म्हणाला, ‘हे बघ, त्यांना कावीळच माहीत आहे. तू उगाच काही बोलू नकोस. घाबरतील.’ मी त्याला बाजूला केलं.

बाबा पिवळे दिसत होते. हळदीसारखे नाही, जुन्या वर्तमानपत्रासारखे. मला पाहून उठून बसायला लागले. आई म्हणाली, पडून राहा. त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, उघडली, आणि पारोसच्या पुढचे रकाने कोरे बघून दादाकडे नजर टाकली. मग आईला म्हणाले, चहा घेऊन या दोघं. आई हलेना. ‘जा,’ म्हणाले. दारातून दादाने मला खूण केली, बोलू नकोस. दार लागलं.

बाबा म्हणाले, ‘कावीळ नाही ना ही?’

चार दिवस मी सगळ्या जगाला शिव्या घालत होते की खरं का सांगत नाही. आता ते माझ्यासमोर बसले होते, पेन उघडून, आणि मला ‘कावीळच आहे’ म्हणून टाकावंसं वाटलं. दादाला आठवडाभर असंच झालं असेल, नवऱ्याला तीन दिवस. मला ते कळलं, आणि तरी त्यांना माफ करावंसं वाटलं नाही.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘गाठ आहे. ऑपरेशन करता येणार नाही म्हणतात.’

‘किती?’

‘दिवाळीपर्यंत. कदाचित पुढे.’

‘कदाचित काढ,’ म्हणाले. ओरडले नाहीत. मी त्यांच्या पायावर हात ठेवून बसले होते. मग त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, ‘तुझी रजा किती दिवस आहे?’

ओठांवर आलं होतं, दोन आठवडे. सवयच झाली होती ना.

‘रजा नाही, बाबा,’ मी म्हटलं. ‘नोकरीच नाही. एप्रिलमध्येच गेली. तुम्हाला सांगितलं नव्हतं.’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की लहानपणी प्रगतिपुस्तक लपवलं होतं तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं. चिडले होते. आजारी माणसाला शोभणार नाही इतके चिडले होते. ‘चार महिने?’ म्हणाले. ‘चार महिने मला फलाटावर बसवून ठेवलंस?’

मी मान हलवली.

मग त्यांनी वही गुडघ्यावर घेतली. अमोर्गोसच्या ओळीत मी फोनवर सांगितलेली वेळ बरोबर लिहिली. त्याखाली नवी ओळ काढली. ‘सांगली,’ पोहोचण्याची वेळ १५.०५. सुटण्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्यांनी मान वर करून विचारलं, ‘मग थांबशील ना?’

‘थांबते,’ मी म्हटलं.

तो रकाना त्यांनी कोरा ठेवला.