परत मागितलेली भाजी

सुरतेत मी पालेभाजी विकत घेते ती नाइलाजाने. पडीक जागा दिसली की माझी नजर खाली जाते. त्या रविवारी नवागामच्या रेल्वेरुळांमागे घोळीची भाजी अशी माजली होती, की पिशवी भरली तरी हात थांबेना. मुगाची डाळ आणि लसूण घालून परतली. वर्षातली पहिली रानभाजी एकटीने खायची नाही, ही आमच्या खानदेशातल्या घरची रीत. आमच्या चाळीच्या लाइनीतल्या पाचही खोल्यांत वाटी वाटी दिली.

दुपारी नवरा पाळीवरून आला, जेवला, आणि भाजी कुठली ते विचारलं. मी जागा सांगितली. म्हणाला, तिथे काल एक माणूस पाठीला पंप लावून गवत मारायचं औषध फवारत होता. त्या औषधाने पाला पिवळा पडायला दोन-तीन दिवस लागतात. मी खुडला तेव्हा हिरवागार होता.

मग बसवेना. दारोदार विचारत सुटले, भाजी कशी झाली? बायांना वाटलं, ही कौतुक ऐकायला आली. चोराच्या मनात चांदणं; मी त्यांची तोंडं निरखत होते. सगळ्या ठणठणीत, वाट्या रिकाम्या.

शेवटची खोली भिंतीपलीकडच्या शेजारणीची. तिला तिसरा महिना, पोटात पाणी टिकत नव्हतं. ती हसून म्हणाली, "वहिनी, आज पहिल्यांदा काही टिकनं. अर्धी सांजले ठेवेल शे."

खरं सांगावं तर अर्धी आधीच पोटात गेलेली. बाळंत होईपर्यंत ती झुरली असती. न सांगावं तर संध्याकाळी उरलेली खाणार. माझ्या तोंडून निघून गेलं, "घर पाव्हना उनात. भाजी कमी पडनी, ती वापस दे."

पोटुशीच्या तोंडची भाजी मी परत मागितली. त्याची लाज आजही वाटते. तिचा चेहरा उतरला, तरी तिने वाटीवर दोन भाकरी ठेवल्या. "पाव्हनास्ले पुरतीन."

भाजी गटारात ओतली. भाकरी टाकवेनात. पाहुणे काही आले नाहीत, आणि पातळ भिंतीतून तिला ते कळलंच असणार.

पुढे तिच्या उलटीचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून उभी राहायचे. विचारायला तोंड उरलं नव्हतं.

मुलगी झाली. धडधाकट आहे ना, हे मी तिघींकडून वदवून घेतलं. बारशाला अख्ख्या लाइनीला बोलावणं होतं, मला नव्हतं. आता सांगून टाकावं म्हणून एकदा तिच्या दारापर्यंत गेले. मला पाहताच तिने पोरीच्या तोंडावर पदर ओढला.