आमच्या घरचं भरड वाटण

फोन आला तेव्हा मी चांदवडला माहेरी होते. भाचीचा साखरपुडा नुकताच आटोपला होता, आम्ही बायका पानं आवरत होतो, आणि वहिनीने रिसीव्हर माझ्या हातात दिला. हे एवढंच म्हणाले, "सुमन, आई गेली." अशा वेळी माणूस काय विचारतं? कधी, कसं, जवळ कोण होतं... मी विचारलं, "मिक्सर चालू होता का?" वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. पलीकडून ह्यांनी मात्र अजिबात न अडखळता उत्तर दिलं, "नाही गं. काहीच चालू नव्हतं. मी शेजारीच बसलो होतो. तिने माझा हात धरला आणि..." मी भिंतीला टेकून खाली बसले. मला आधी हायसं वाटलं, रडू नंतर आलं. सासू गेल्याचं ऐकून सुनेला हायसं वाटतं, हे वाचून काहींच्या भुवया वर जातील. जाऊ देत. आता महिना होऊन गेला. पण आमच्या घरात काय होतं ते ठाऊक असल्याशिवाय हे कळायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

नव्वदीच्या मध्यावर लग्न होऊन मी इंदिरानगरच्या तळमजल्यावरच्या घरात आले. सासूबाई म्हणजे आई, सासरे म्हणजे नाना, हे आणि मी. तिसऱ्या दिवशी सकाळी नव्या सुनेचा उत्साह म्हणून मी भरल्या वांग्यांचा घाट घातला. दाणे, खोबरं, लसूण भांड्यात घातलं आणि मिक्सरचं बटण दाबलं. तो आवाज! चढाला अडकलेला ट्रॅक्टर जणू ओट्यावर आणून ठेवला होता. मी बटणावरून हात काढायच्या आत आई अंगणातून धावत आल्या, त्यांनी पिन ओढून काढली आणि माझ्याकडे न बघता आतल्या खोलीत पळाल्या. तिथे नाना खाटेवर पडून असायचे, उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. त्यांना बघून आई परत आल्या. चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, "सांगितल्याबिगर लावायचा नाय. कधीच नाय." मी रागवायच्या ऐवजी घाबरले. इतकी भीती मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती.

संध्याकाळी सोमेश्वरच्या देवळात जाताना ह्यांनी स्कूटर बाजूला घेतली आणि सांगितलं. सातपूरच्या कारखान्यात लागल्यावर पहिल्या दिवाळीला ह्यांनी आईसाठी हा मिक्सर आणला होता. थोड्याच महिन्यांत त्याचा बुश, म्हणजे मोटरच्या दांड्याभोवतीचं कडं, झिजून गेला आणि तो असा ओरडायला लागला. या रविवारी दुरुस्तीला नेतो, पुढच्या रविवारी नेतो, असं चाललं होतं. एका सकाळी नाना अंघोळीला गेले, आई वाटण करत होत्या. मिक्सर बंद झाला तेव्हा आतून फक्त नळाचा आवाज येत होता. दाराला आतून कडी. शेजारच्यांनी दार तोडलं, नाना अर्धांगाचा झटका येऊन पडले होते. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. "आईला काही ऐकूच आलं नाही गं," हे म्हणाले. "मी त्या रविवारी मिक्सर नेला असता तर..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. लग्नाच्या तिसऱ्या संध्याकाळपासून आजपर्यंत मी ते अर्धं वाक्य ऐकत आले.

तर आमच्या घराचे कायदे असे. बाथरूमला आतून कडी नाही, ती उपटूनच टाकलेली. सकाळी उठल्या उठल्या आई सगळ्यांचे टॉवेल आपल्या हाताने बाथरूममध्ये टांगून ठेवायच्या, मग चहा. मिक्सर लावण्याआधी मोठ्याने "लावते हां!" म्हणायचं, आणि घरात असेल त्या प्रत्येकाने ओ द्यायची. नानांना बोलता येत नव्हतं, ते डाव्या हाताने काठी आपटायचे. काठी वाजली की मिक्सर. त्यातही दहापर्यंत मोजायचं, बंद करायचा, कान द्यायचा, मग पुन्हा दहा. अशाने वाटण बारीक होणार कसं? आमच्या घरची चटणी, आमटीचं वाटण, सगळं कायम भरड. नणंद माहेरी आली की म्हणायची, "वहिनी, तुमची चटणी खायला दातांची वेगळी जोडी लागते." मी हसायचे, पण सकाळी शाळेत शिकवायला जायची घाई असताना पाव वाटी खोबऱ्याला पंधरा मिनिटं लागली की माझा संताप व्हायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितं हे ठीक, पण आमच्याकडे पाणीसुद्धा फुंकून प्यायचं चाललं होतं.

हे दर दोन-तीन रविवारी वर्तमानपत्र पसरून मिक्सर उघडून बसायचे. बुश बदलला, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले, तेल घातलं. आवाज थोडा कमी व्हायचा, महिन्याभरात पुन्हा तसाच. मी एकदा म्हटलं, नवा आणू या की. हे पुन्हा तेल घालायला लागले. त्यांना तोच मिक्सर गप्प करायचा होता. आईसुद्धा म्हणाल्या, "नको, हाच राहू दे." हे स्क्रू पिळत बसले की आई उठून अंगणात जायच्या. मला वाटायचं, पसारा आवडत नसेल.

आणि कधी कधी काठी वाजायची नाही. "लावते हां!" म्हणून आई थांबायच्या... काहीच नाही. मग त्या धावत सुटायच्या. नाना जागेच असायचे. डोळे उघडे, नजर दाराकडे. आई आत शिरल्या की ती नजर त्यांच्यावर यायची आणि हलायची नाही. एकदा मी त्यांच्या मागे उभी होते. नाना रागावलेले नव्हते, रडवेले नव्हते, नुसते बघत होते. त्या दिवशी आईंना भांडं उचलवेना, वाटण मी केलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण तो एकाच्या पाठी लागून थांबत नाही. मलाही सवय जडली. शाळेत मुलं बाकं सरकवायला लागली की मी मनात दहा मोजून "थांबा!" ओरडायचे आणि कान द्यायचे. कशाला, ते माझं मलाच सांगता आलं नसतं. पुढे नाना झोपेतच गेले. काठी कोपऱ्यात तशीच राहिली, आणि आईंचं "लावते हां!"ही. ओ आम्ही द्यायचो, पण आमची ओ आल्यावरही त्या काठी वाजण्याइतका वेळ थांबायच्या.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. भारनियमनाचे दिवस, दुपारी लाइट जायची. मी वाटण करत असतानाच गेली. बटण बंद करायचं विसरून मी वाळलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेले. आई आत आडव्या झाल्या होत्या. लाइट आली आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मिक्सर आपला आपण गरजायला लागला. त्यावर आईंची किंकाळी, "आले! आले हो, थांबा, टावेल आणते!" मी धावत आत आले. आई बाथरूमच्या दारात उभ्या होत्या, हातात टॉवेल, तो पुढे धरलेला. आत कुणी नव्हतं. मी मिक्सर बंद केला, त्यांना धरून खाली बसवलं, पाणी दिलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टॉवेल? ह्यांनी सांगितलेल्या गोष्टीत टॉवेल कुठेच नव्हता.

"नाना रोज टावेल विसरायचे," आई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "रोज आतून हाक मारायचे. त्या दिवशी बी मारली. दोनदा."

"तुम्हाला ऐकू आली?"

"आली." त्यांनी हातातल्या टॉवेलची घडी घातली. "मला राग आला. रोजचंच ते. म्हटलं, एवढं वाटण होऊ दे, मग जाते. बसू दे जरा वल्या अंगानं... मिक्सरचा आवाज मोठा होता सुमन, पण त्यांचा बी लहान नव्हता. मग दार तोडल्यावर कुणीतरी म्हणालं, मिक्सरमुळं ऐकू आलं नसंल. मी हो म्हणले. एकदा हो म्हणले ते म्हणले."

"आणि हे? इतकी वर्षं हे स्वतःला..."

"लय येळा ओठावर आलं. तो तिथं स्क्रू पिळत बसला की जीव तुटायचा माझा. पण भ्या वाटायचं गं. नाना तर नजरेनं विचारायचेच. लेक बी तसाच बघायला लागला तर मी कुठं जाऊ?" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "मी हाय तवर बोलू नको. मी गेल्यावर सांग त्याला. पण सांग."

मला त्यांचा राग आला, खोटं कशाला बोलू. स्वतःची चूक झाकायला मुलाच्या गळ्यात दगड बांधला म्हणून आला. आणि त्याच वेळी त्यांच्या मुठीतून माझं मनगट सोडवून घेववेना. ही बाई रोज सकाळी सगळ्यांचे टॉवेल टांगत होती, मोजून दहा अंकांनी थांबत होती, आणि पोटच्या पोराच्या नजरेला भीत होती. त्यानंतर भीती माझ्याकडे आली. आई गेल्या, तेरावा झाला, आणि त्याच रविवारी ह्यांनी पुन्हा मिक्सर उघडला. मी समोर बसून लसूण सोलत राहिले. तोंड उघडायचं आणि "मीठ आहे का बघा आमटीत" असलं काहीतरी बाहेर पडायचं. मला भीती होती की हे मेलेल्या आईवर रागावतील, आणि तो राग ऐकायला ती नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी चार शब्द लिहून द्या असं कुणीतरी सुचवलं, तेव्हा वाटलं, बोलता येत नाही तर लिहून बघू.

इथवर लिहून झालेले कागद काल, रविवारी सकाळी, ह्यांच्यापुढे ठेवले आणि स्वयंपाकघरात पळाले. ह्यांनी सगळं वाचलं. पानं दोनदा उलटली. मग दारात येऊन उभे राहिले. मी नजर वर केली नाही. "म्हणजे बुशचा काही..." एवढं म्हणाले आणि अंघोळीला गेले. "छापायला देऊ का?" मी मागून विचारलं. "दे," आतून आवाज आला.

मला काही सुचेना. हाताला चाळा म्हणून खोबरं भांड्यात घातलं. "लावते हां!" म्हटलं, "हं" ऐकलं, बटण दाबलं. एक, दोन, तीन... सात कधी झाले आणि दहा कधी होऊन गेले, कळलंच नाही. भानावर आले तेव्हा वाटण मऊसूत होत आलं होतं. आईंच्या घरात पहिल्यांदाच. मी बटण बंद केलं आणि बाथरूममधून आवाज आला, "सुमन, टॉवेल!"

आई गेल्यापासून टॉवेल मी टांगते. काल विसरले होते. मी दोरीवरचा ओढून घेतला आणि धावले. दार उघडंच होतं, फटीतून ह्यांचा ओला हात बाहेर आला होता. टॉवेल हातात दिला, पण माझी मूठ सुटेना.

"अहो, कितवी हाक ही?"

आत नळ ठिबकत होता.

"पहिलीच," ते म्हणाले.